सनद इथली, वकिली तिथली

भोपाळचा विषारी वायू सुटला 2 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्री. 7 डिसेंबरला अमेरिकेतल्या एका न्यायालयात युनियन कार्बाइडविरुद्ध भरपाईचा पहिला दावा दाखलसुद्धा झाला होता. मृतांची मोजदाद तेव्हा अजून चालूच होती. पाठोपाठ अमेरिकी वकील स्वतः भोपाळला पोहोचले. दुभाषे हाताशी धरून ते वस्त्यांमधून हिंडले आणि इंग्रजीचं अक्षरही न कळणाऱ्या माणसांचे अंगठे छापील वकीलपत्रांवर उठू लागले. सॅन फ्रान्सिस्कोचे मेल्विन बेली हे त्यांतलं सर्वांत गाजलेलं नाव. बघता बघता अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत सुमारे 145 दावे उभे राहिले.

वकीलपत्रांमागचा हिशेब सोपा होता. खटला जिंकला तर भरपाईतला ठरावीक हिस्सा वकिलाचा, हरला तर फी नाही. अमेरिकेत ही पद्धत रुळलेली आहे आणि गरिबाला मोठ्या कंपनीविरुद्ध उभं राहायला तिचा आधारही वाटतो. भारतात मात्र बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर फी ठरवता येत नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटाही घेता येत नाही. मुंबईच्या एका वकिलाने वसुलीतला निम्मा हिस्सा फी म्हणून ठरवून घेतला होता. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. निकालात त्याचं नाव फक्त ‘जी’ एवढंच आहे.

मग भोपाळमध्ये कुणाचा नियम लागायचा? वकील अमेरिकेचा, अशील भारतातला, न्यायालय अमेरिकेतलं, करार झाला पुठ्ठ्याच्या झोपडीत. गंमत अशी की दुर्घटनेनंतर पीडितांना स्वतः गाठून कामं मिळवणं अमेरिकेतही निषिद्धच होतं. ओहायोच्या एका वकिलाने अपघातात जखमी झालेल्या मुलीला इस्पितळात गाठलं होतं, त्याच्यावरची शिस्तभंगाची कारवाई अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये कायम केली होती. म्हणजे नियम दोन्हीकडे होते. पण भोपाळच्या विधवेने कॅलिफोर्नियाच्या बारकडे तक्रार कशी करायची? आणि भारतीय बार कौन्सिलने जी सनद आपण दिलीच नाही ती काढून कशी घ्यायची?

भारत सरकारने मार्च 1985 मध्ये खास कायदा करून पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा हक्क स्वतःकडे घेतला आणि वकिलांची ही झुंबड थांबली. पुढे सरकार अमेरिकेत जाऊन म्हणालं की आमच्या न्यायालयांना हे पेलणार नाही. ती पेलतील, असं प्रतिज्ञापत्र कार्बाइडच्या बाजूने मुंबईच्या नानी पालखीवालांनी दिलं. न्यायाधीश जॉन कीनन यांनी मे 1986 मध्ये खटले भारतात धाडले आणि फेब्रुवारी 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. हा भाग सर्वांना ठाऊक आहे. अंगठ्यांचा भाग मात्र मागे पडला, आणि देशोदेशी वकिली करणाऱ्यांच्या आचारधर्माचा सगळा पेच त्यातच आहे. सनद एका देशाची असते. अशील, पैसा आणि काम यांना ती हद्द नसते.

सनदेचं हे हद्दीत अडकलेपण जुनं आहे. लंडनच्या इनर टेंपलमधून 1891 मध्ये बॅरिस्टर झालेल्या गांधींनी 1894 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात नोंदणीसाठी अर्ज केला, तेव्हा तिथल्या लॉ सोसायटीने विरोध केला. नियम झाले तेव्हा काळ्या माणसाचा विचारच नव्हता, असा एकूण सूर. न्यायालयाने हा विरोध फेटाळला, शपथ दिली आणि मग पगडी उतरवायला सांगितली. 1922 मध्ये राजद्रोहाच्या शिक्षेनंतर इनर टेंपलने त्यांचं नाव पटावरून काढलं. ते परत आलं 1988 मध्ये, त्यांच्या मृत्यूला 40 वर्षं झाल्यावर. सावरकरांना तर ग्रेज इनने 1909 मध्ये बॅरिस्टर करायचंच नाकारलं. या जुन्या प्रसंगांत वकिलाने अशिलाशी कसं वागावं हा मुद्दाच नाही. मुद्दा एवढाच, की कुणाला आत घ्यायचं. ही खोड अजून गेलेली नाही, तिच्याकडे नंतर येऊ.

हद्द ओलांडणाऱ्या वकिलाचा सर्वांत चिवट विचार युरोपात झाला, कारण तिथे गरजच तशी होती. ब्रसेल्सच्या वकिलाला जेवणाआधी लिल गाठता येतं. 1977 च्या निर्देशाने एका सदस्य देशाच्या वकिलाला दुसऱ्या देशात तात्पुरतं काम करायला मोकळीक दिली, 1998 च्या निर्देशाने कायमचं कार्यालय थाटायला. त्याबरोबर अट आली, की वकिलाला मायदेशाचे आणि यजमान देशाचे, दोन्ही नियम लागू. माहेरचेही रिवाज पाळायचे आणि सासरचेही. दोन नियमांपैकी एक कडक असेल तर कडक पाळला की भागतं. पण दोन नियम एकमेकांना छेद देतात तेव्हा काय?

याचं सर्वांत बोलकं उदाहरण एका साध्या पत्राचं आहे. पॅरिसचा वकील लंडनच्या सॉलिसिटरला तडजोडीचा प्रस्ताव धाडतो आणि वर ‘गोपनीय’ असं लिहितो. फ्रान्समध्ये वकिलाने वकिलाला लिहिलेलं पत्र दोघांतच राहतं. ते न्यायालयात दाखवता येत नाही आणि अशिलाच्या हातीही द्यायचं नसतं. इंग्लंडमध्ये मात्र अशिलाच्या कामाची माहिती त्याच्यापासून लपवणं हाच दोष. सॉलिसिटरने पत्र अशिलाला दाखवलं तर पॅरिसच्या दृष्टीने विश्वासघात, न दाखवलं तर लंडनच्या दृष्टीने कर्तव्यच्युती. युरोपातल्या बार संघटनांच्या परिषदेने 1988 मध्ये संमत केलेल्या आचारसंहितेत यावर तोडगा आहे. पत्र गोपनीय राहावं असं वाटत असेल तर ते पाठवण्याआधी तसं विचारावं, आणि समोरच्याला ते जमणार नसेल तर त्याने लगेच कळवावं. एवढंच. भव्य तत्त्वज्ञान नाही, शेजारधर्म आहे. आंतरराष्ट्रीय आचारसंहितांतली जी कलमं खरोखर वापरात येतात ती बहुतेक अशीच असतात.

कंपनीच्या पगारावर असलेल्या वकिलाचं प्रकरण इतकं सहज मिटलं नाही. 12 फेब्रुवारी 2003 ला मँचेस्टरजवळच्या एक्ल्स इथे ॲक्झो नोबेल आणि ॲक्रॉस या रसायन कंपन्यांच्या कचेरीत युरोपीय आयोगाचे अधिकारी झडतीला आले. संशय होता कंपन्यांनी संगनमताने व्यापार केल्याचा. कपाटं उघडली गेली, फायली काढल्या गेल्या आणि काही कागदांवर कंपनीच्या लोकांनी हात ठेवला. हे वकिलाशी झालेलं बोलणं आहे, तुम्हाला पाहता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. वादावादी झाली. एका टिपणाच्या दोन प्रती पाकिटात घालून मोहोरबंद करण्यात आल्या. व्यवस्थापकाच्या हस्ताक्षरातल्या काही नोंदी आणि दोन ई-मेल मात्र अधिकाऱ्यांनी पाकिटाविनाच आपल्या फायलीत लावले. त्या ई-मेलचा एक धनी होता कंपनीचा नोकरदार वकील. नेदरलँड्सच्या बारचा रीतसर सदस्य.

त्या दोन ई-मेलवर साडेसात वर्षं खटला चालला. नेदरलँड्समध्ये नोकरदार वकिलाला सनद ठेवता येते, त्याच्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ करणार नाही असं मालकाकडून लिहूनही घेतलं जातं. इंग्लंडमध्येही अशा वकिलाचा सल्ला गोपनीय मानतात. म्हणजे सनद ज्या देशाची तिथे संरक्षण, कागद ज्या देशात सापडला तिथेही संरक्षण. तरी 14 सप्टेंबर 2010 ला युरोपीय न्यायालयाने ते नाकारलं. झडती युरोपीय आयोगाची, म्हणून नियम युरोपचा, आणि पगारी माणूस मालकावर अवलंबून असतो, तो बाहेरच्या वकिलाइतका स्वतंत्र असू शकत नाही. तर्क कठोर आहे, पण चुकीचा म्हणवत नाही.

भारतात हा प्रश्न वेगळ्या वाटेने त्याच जागी आला. आपल्याकडे पूर्णवेळ नोकरी धरली की वकिली थांबवावीच लागते, सनद बार कौन्सिलकडे ठेवून द्यावी लागते. 2025 मध्ये तपास यंत्रणांनी थेट वकिलांनाच समन्स धाडायला सुरुवात केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मूळचे अमरावतीचे तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने 31 ऑक्टोबरला वकिलांना संरक्षण देताना हेही स्पष्ट केलं, की वकील आणि अशील यांच्यातल्या गोपनीयतेचा पूर्ण लाभ कंपनीच्या पगारी विधी अधिकाऱ्याला मिळणार नाही. पुण्याच्या एखाद्या कारखान्याचा विधी अधिकारी जर्मन मुख्यालयाला, अमेरिकी उपकंपनीला आणि मुंबईच्या सॉलिसिटरला एकच ई-मेल एकदम पाठवत असेल, तर त्या ई-मेलला प्रत्येक देशात वेगळं नशीब आहे. रोज असे किती ई-मेल जात असतील ते मोजायची गरज नाही.

न्यायालयात निदान यजमान देश ठरलेला असतो. आंतरराष्ट्रीय लवादात तोही आधार सुटतो. पॅरिसच्या हॉटेलात सुनावणी, लवाद स्विस, इजिप्शियन आणि कॅनेडियन, करार सिंगापूरच्या कायद्याखाली, एका बाजूला अमेरिकी फर्म, दुसऱ्या बाजूला लंडनचे बॅरिस्टर. कुणाच्या बारची नजर या खोलीवर असते? बहुतेक वेळा कुणाच्याच नाही.

आपल्या कोर्टांच्या आवारात ‘पढवलेला साक्षीदार’ हा शब्द शिवीसारखा वापरतात. पण पढवणं म्हणजे नेमकं काय, यावर जगाचं एकमत नाही. अमेरिकी वकील साक्षीदाराला आधी भेटतो, संभाव्य प्रश्न विचारून घेतो, उलटतपासणीची रंगीत तालीमसुद्धा करतो. तसं न केलं तर त्यालाच निष्काळजी म्हणतील. इंग्लंडमध्ये साक्षीदाराला कोर्टाची ओळख करून देता येते, पण त्याच्या साक्षीची तालीम घेता येत नाही. अपील न्यायालयाने 2005 मध्ये मोमोडू खटल्यात ही रेघ ठळक केली. स्वित्झर्लंडसारख्या देशांत तर साक्षीदाराशी परस्पर बोलणंच वकिलाला संशयास्पद ठरवत आलं आहे. आता हे तिघे एकाच लवादापुढे उभे राहिले, तर तालीम केलेला साक्षीदार सफाईने बोलतो, न केलेला अडखळतो, आणि अडखळणारा खोटा वाटतो. ज्याचा आचारधर्म कडक, त्याचा अशील तोट्यात.

म्हणून आंतरराष्ट्रीय बार असोसिएशनने मे 2013 मध्ये लवादापुढच्या प्रतिनिधींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि साक्षीदाराला भेटून तयारी करून घ्यायला मुभा दिली, साक्ष खरी असावी एवढ्या अटीवर. लंडनच्या लवाद न्यायालयाने 2014 च्या नियमांना वकिलांच्या वागणुकीचं परिशिष्टच जोडलं. टीकाकार म्हणाले, अमेरिकी रीत जगाची रीत झाली. त्यांचं अगदीच चुकलं असं नाही, पण सगळ्यांना सारखी मुभा देणं हे एकाचे हात बांधून दुसऱ्याला मोकळं सोडण्यापेक्षा बरं.

रीतिरिवाज किती खोल असतात ते क्रोएशियाची वीज कंपनी आणि स्लोव्हेनिया यांच्या लवादात दिसलं. सुनावणी तोंडावर आली असताना स्लोव्हेनियाच्या बाजूने कळलं, की त्यांच्या चमूत लंडनच्या एसेक्स कोर्ट चेंबर्सचे एक बॅरिस्टर आहेत. लवादाचे अध्यक्षही त्याच चेंबर्सचे. इंग्रजी वकिलाला यात काही वावगं दिसत नाही. चेंबर्समध्ये प्रत्येक बॅरिस्टर स्वतंत्र, खर्च तेवढा वाटून घ्यायचा, आणि एकाच चेंबर्सचे दोघे समोरासमोर लढतात हे नेहमीचंच. पण झाग्रेबच्या अशिलाला ते एका दुकानाचे दोन भागीदार दिसले, आणि तसं दिसणं साहजिक होतं. मे 2008 मध्ये लवादाने त्या बॅरिस्टरना बाजूला व्हायला सांगितलं. त्यामागचं मोठं कारण होतं उशिरा केलेला खुलासा. दोन वर्षांनी रुमानियाच्या एका प्रकरणात दुसऱ्या लवादाने हा अधिकार अगदी अपवादानेच वापरावा असं म्हटलं. म्हणजे लवादाला वकील काढता येतो का, हेही त्या त्या लवादाच्या कलावर.

नजर नसली की काय होतं याचं भयंकर उदाहरण नायजेरियाचं. जानेवारी 2010 मध्ये पी अँड आयडी या ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर नोंदलेल्या कंपनीने नायजेरियाशी गॅस शुद्धीकरणाचा करार केला. प्रकल्पाची एक वीटही रचली गेली नाही. तरी लंडनमधल्या लवादाने 2017 मध्ये नायजेरियाला 660 कोटी डॉलर द्यायला लावले. व्याज धरून आकडा 1,100 कोटींच्या पुढे गेला. लवादात नामवंत माणसं होती, पण नायजेरियाच्या बाजूचं वकिली काम इतकं ढिसाळ चाललं होतं की कुणाला फारशी शंका आली नाही. 23 ऑक्टोबर 2023 ला लंडनचे न्यायाधीश रॉबिन नोल्स यांनी निकाल दिला, की निवाडा फसवणुकीने मिळवला होता. लाच होती, खोटी साक्ष होती, आणि तिसरी गोष्ट वकिलांच्या अंगणातली होती. लवाद चालू असताना नायजेरियाचे स्वतःच्या वकिलांशी झालेले गोपनीय कागद कंपनीच्या बाजूला मिळत होते. न्यायालयाच्या निष्कर्षानुसार, त्या बाजूच्या दोन ब्रिटिश वकिलांनी ते आपल्याजवळ ठेवले, परत केले नाहीत आणि समोरच्याला कळवलंही नाही.

चुकून आलेलं पाकीट परत करणं हे वकिलीतलं बाराखडीचं अक्षर आहे. इंग्लंडमध्ये वाचणं थांबवून परत करायचं, अमेरिकेत निदान लगेच कळवायचं. ते का घडलं नाही याचा विचार करताना निकालातल्या दोन आकड्यांवर डोळा अडतो. कंपनी जिंकून वसुली झाली असती तर त्या दोन वकिलांपैकी एकाला 85 कोटी पौंडांपर्यंत आणि दुसऱ्याला 300 कोटी पौंडांपर्यंत रक्कम मिळायची होती. न्यायाधीशांनी निकाल वकिलांच्या दोन्ही नियामक संस्थांकडे पाठवला. ‘जी’ नावाच्या मुंबईच्या वकिलाला 1954 मध्ये ज्यासाठी दोषी धरलं, तो निम्मा वाटा इथे आठवल्याशिवाय राहत नाही. वकिलाला खटल्यातच गुंतवणूकदार करू नये हा आपला जुना नियम पुष्कळांना मागासलेला वाटतो. नायजेरियाच्या प्रकरणानंतर तो तितका मागासलेला वाटत नाही.

एक्वाडोरच्या ॲमेझॉन खोऱ्यातलं प्रकरण याहून गुंतागुंतीचं, कारण तिथे अशिलाची बाजू न्यायाची वाटते. टेक्साको कंपनीने जंगलात सोडलेल्या तेलकट घाणीबद्दल तिथल्या रहिवाशांनी दावा लावला. न्यूयॉर्कचे वकील स्टीव्हन डॉन्झिगर त्यांचे सूत्रधार. फेब्रुवारी 2011 मध्ये लागो आग्रिओच्या न्यायालयाने टेक्साको विकत घेतलेल्या शेव्हरॉनला 1,800 कोटी डॉलरचा दंड लावला, तो पुढे 950 कोटींवर आला. मार्च 2014 मध्ये न्यूयॉर्कचे न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी जवळपास 500 पानांचा निकाल देऊन सांगितलं, की तो निवाडा लाच देऊन आणि परस्पर लिहून घेऊन मिळवला आहे. पुरावा कुठून आला? डॉन्झिगरच्या बाजूनेच आपली गोष्ट जगाला कळावी म्हणून एका माहितीपटाच्या चमूला सोबत घेतलं होतं. ‘क्रूड’ नावाच्या त्या चित्रपटातून कापलेलं शेकडो तासांचं चित्रण न्यायालयाने मागवून घेतलं. 2020 मध्ये डॉन्झिगर यांची न्यूयॉर्कची सनद गेली, 2021 मध्ये न्यायालयाच्या अवमानासाठी सहा महिन्यांची शिक्षा झाली. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाने मात्र त्यांची स्थानबद्धता मनमानी ठरवली.

पण शेव्हरॉनच्या बाजूचा मुख्य साक्षीदार, एक्वाडोरचा माजी न्यायाधीश, त्याला कंपनीने पैसे दिले होते, कुटुंबासह अमेरिकेत आणून दरमहा भत्ता बांधून दिला होता, आणि पुढे त्यानेच आपल्या काही विधानांत अतिशयोक्ती होती असं कबूल केलं. वस्तुस्थितीच्या साक्षीदाराला पैसे मोजणं कोणत्याही देशाच्या वकिलाला शोभत नाही. ज्याची सनद गेली त्याने नियम मोडलेच. प्रश्न उरतो तो असा, की दोन देशांतल्या वागण्याचा हिशेब एकाच देशाच्या न्यायालयाने, आपल्याच देशाच्या कंपनीच्या फिर्यादीवरून करावा का. एक्वाडोरच्या रहिवाशांच्या वाट्याला आलेली ती घाण अजून तिथेच आहे.

आता भारताकडे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या दोन आणि लंडनच्या एका फर्मने रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने इथे संपर्क कार्यालयं उघडली. लॉयर्स कलेक्टिव्ह या संस्थेने 1995 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. निकाल लागायला 14 वर्षं गेली. डिसेंबर 2009 मध्ये न्यायालय म्हणालं, वकिली म्हणजे फक्त कोर्टात उभं राहणं असं धरू नका, करार लिहिणं आणि सल्ला देणं हीही वकिलीच, आणि ती ॲडव्होकेट्स ॲक्टखाली सनद असलेल्यानेच करावी. मद्रास उच्च न्यायालयाने 2012 मध्ये थोडी फट ठेवली, की विमानाने यावं, आपल्या देशाच्या कायद्यावर सल्ला द्यावा आणि परत जावं. 13 मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने दोन्हींची सांगड घातली. परदेशी वकिलाला इथे वकिली नाही, अधूनमधून येऊन सल्ला देता येईल, आंतरराष्ट्रीय लवादात सरसकट बंदी नाही, पण आचारसंहिता भारतीय वकिलाचीच लागू. हे शेवटचं वाक्य सगळ्या निकालातलं सर्वांत मोलाचं, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

मार्च 2023 मध्ये बार कौन्सिलने परदेशी वकिलांच्या नोंदणीचे नियम राजपत्रात आणले, मे 2025 मध्ये त्यांत दुरुस्त्या केल्या. कोर्टकचेरीची दारं बंदच, परदेशी आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचा सल्ला तेवढा खुला. तो देश आपल्या वकिलांना किती वाव देतो हेही पाहायचं. 2023 च्या नियमांत नोंदणीची फी एका वकिलाला 25 हजार डॉलर, फर्मला 50 हजार. ऑगस्ट 2025 मध्ये कौन्सिलने परदेशी फर्मशी परवानगीविना हातमिळवणी करणाऱ्या देशी फर्मना पत्रक काढून तंबी दिली. तीस वर्षांतली बहुतेक सगळी ताकद उंबरठ्यावर कोण उभा आहे हे पाहण्यात गेली. आत आलेल्याने अशिलाशी, साक्षीदाराशी, समोरच्या वकिलाशी कसं वागावं यावर भारतात एक चांगला वाद झालेला आठवत नाही. नाताळच्या लॉ सोसायटीची खोड म्हणतात ती हीच.

जाहिरातीचं बघा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच वकिलांना जाहिरातीची मोकळीक दिली. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाला कामावर जाताना रस्त्याकडेला ‘अपघात झाला? फोन करा’ असे वकिलांचे हसरे फलक दिसतात. त्याच कुटुंबाने दादरच्या फ्लॅटच्या वारसाहक्कासाठी मुंबईच्या एखाद्या फर्मचं संकेतस्थळ उघडलं, की आधी एक चौकट उगवते. आम्ही कोणतीही जाहिरात करत नाही, तुम्ही स्वतःहून आमची माहिती शोधत आला आहात, असं त्यात लिहिलेलं असतं, आणि ‘मान्य आहे’ दाबल्याशिवाय पान उघडत नाही. भारतात बार कौन्सिलच्या नियम 36 ने जाहिरात निषिद्ध आहे. 2008 च्या दुरुस्तीने नाव, पत्ता, पात्रता, कामाचं क्षेत्र एवढंच मांडायची परवानगी मिळाली. त्या चौकटीवर बोट ठेवून सोवळं पाळलं जातं, आणि आत संपूर्ण पानभर छायाचित्रं, पुरस्कार आणि मोठ्या सौद्यांची यादी झळकते. मुंबईतला नवशिका वकील मात्र पाटीचा आकार मोजत बसतो.

उलट दिशेचा प्रवासही आहे. 2004 मध्ये पँजिया3 ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या मुंबईच्या कार्यालयात तरुण विधी पदवीधर अमेरिकी खटल्यांचे लाखो कागद वाचू लागले. कुठला कागद गोपनीय, कुठला द्यायचा, याची खूण करायची. 2010 मध्ये ती थॉमसन रॉयटर्सने विकत घेतली. न्यूयॉर्क शहराच्या बारने 2006 मध्ये आणि अमेरिकन बार असोसिएशनने 2008 मध्ये अशा कामाला हिरवा कंदील दाखवला. अटी शहाण्या होत्या: देखरेख ठेवा, गोपनीयता जपा, हितसंबंधांचा संघर्ष तपासा, अशिलाला सांगा. न्यूयॉर्कच्या मतानुसार हे काम करणारा परदेशी माणूस ‘वकील नसलेला’, मग त्याच्या खिशात भारताची सनद का असेना. सर्वोच्च न्यायालयानेही 2018 मध्ये म्हटलं, की टंकन, भाषांतर अशी निव्वळ सेवा ही वकिली नव्हे, पण कामाचा गाभा कायद्याचा असेल तर वकिलीच. रात्री दोनला पवईत बसून गोपनीयतेची खूण करणाऱ्या मुलीचं काम यांपैकी कुठल्या रकान्यात बसतं, हे तिला कुणी सांगत नाही.

वकिलाचं गोपनीयतेचं व्रत हे लपवाछपवीचं साधन झालं की काय, ही शंका 2016 मध्ये जगभर उठली. पनामाच्या मोसॅक फोन्सेका फर्मचे 1.15 कोटी दस्तऐवज बाहेर आले आणि दोन वर्षांनी फर्म बंद झाली. ब्रिटनमध्ये संशयित पैशाची खबर देणं वकिलालाही ठरावीक व्यवहारांत बंधनकारक आहे. भारताने मे 2023 मध्ये सनदी लेखापालांना आणि कंपनी सचिवांना त्या कक्षेत आणलं, वकिलांना नाही. कुणाचं स्वातंत्र्य जपायचं आणि कुणाची सवलत काढायची, हा वाद युरोपात रशियावरून पेटला. ऑक्टोबर 2022 मध्ये युरोपीय संघाने रशियन कंपन्यांना कायद्याचा सल्ला देण्यावर बंदी घातली, न्यायालयीन बचाव तेवढा वगळून. ब्रसेल्स आणि पॅरिसच्या बारने आव्हान दिलं, 2 ऑक्टोबर 2024 ला ते फेटाळलं गेलं. खटल्याशी संबंध नसलेला व्यापारी सल्ला हा मूलभूत हक्क नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

पैशाचा आणखी एक प्रवाह वकिलांच्या फर्ममध्येच शिरतो आहे. ऑस्ट्रेलियाची स्लेटर अँड गॉर्डन मे 2007 मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली, जगात पहिलीच. इंग्लंडने त्याच वर्षीच्या कायद्याने वकील नसलेल्यांना मालकी खुली केली, ॲरिझोनाने 2021 पासून. जर्मनीने मात्र वित्तीय गुंतवणूकदारांना बंदी ठेवली आणि युरोपीय न्यायालयाने 19 डिसेंबर 2024 ला ती वैध ठरवली. भारतात अशा मालकीला जागा नाही, पण तिऱ्हाइताने खटल्याला पैसा पुरवणं बेकायदा नाही. महाराष्ट्राने दिवाणी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती करून तशा पैसेवाल्याला पक्षकार करायची सोयही फार पूर्वी केली आहे. वकिलाने स्वतः मात्र तो पैसा घालायचा नाही.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हॉटेलांच्या बैठकीच्या खोल्यांत लंडन-सिंगापूरचे वकील येऊन बसतात, सौदे वाचतात, संध्याकाळच्या विमानाने परततात. नोंदणी न करता येणाऱ्यांना 2023 च्या नियमांनी बारा महिन्यांत एकूण 60 दिवसांची मर्यादा घातली. मोजायचं काय, तर भारतातला मुक्काम. पासपोर्टवरचे शिक्के जुळवले की हिशेब लागतो. 61 व्या दिवशी तोच वकील लंडनच्या आपल्या टेबलावरून, पडद्यावर, मुंबईच्या त्याच अशिलाला तोच सल्ला देतो. मुक्कामाच्या हिशेबात तो धरला जात नाही. त्या अशिलाला पुढे तक्रार करावीशी वाटली, तर राज्याच्या बार कौन्सिलला कारवाईचा अधिकार देणारं ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम 35 इथल्या सनदधारकांसाठी आहे. बाकीच्यांसाठी पत्ता लंडनचा.